प्लासीच्या नदीकाठी नेव्ही? आजोबांच्या १९७१ च्या आठवणी कशा रेकॉर्ड करायच्या

बाकीच्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. एका ताईंचे आजोबा नेव्हीत खलाशी होते, मूळचे मालवणकडचे, आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते सांगतात की ७१ साली बंगालात प्लासीजवळ नदीकाठी एक सिक्रेट कॅम्प होता आणि तिथे ते पोरांना पोहायला शिकवायचे. नातीला हे सगळं रेकॉर्ड करायचंय. पण आजोबा कधी १४ ऑगस्ट म्हणतात कधी १५, बुडालेल्या जहाजांचा आकडा दर वेळी वेगळा, आणि मामा म्हणतात प्लासीला समुद्र आहे का, नेव्ही तिथे काय करणार, आजोबा थापा मारतायत. तर विचारायचं काय आणि खरं-खोटं ठरवायचं कसं?

मी बरीच वर्षं निवृत्त फौजी आणि नेव्हीवाल्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करतोय, त्या अनुभवावरून लिहितो. जरा लांब होईल, चालवून घ्या.

आधी मामांचं बघू. कॅम्प होता. मे १९७१ मध्ये भागीरथीच्या काठी, १७५७ च्या लढाईचं स्मारक आहे त्याच परिसरात, भारतीय नेव्हीने मुक्तिबाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेच्या, पोरांना नौदल कमांडो म्हणून तयार करायला तो उभा केला. कागदोपत्री त्याचं नाव सी टू पी. समुद्र नव्हता हे मामांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण पूर्व पाकिस्तानातली लढाई मुळात नद्यांचीच होती. पाकिस्तानी फौजेचं धान्य, दारूगोळा, तेल सगळं चितगाव आणि मोंगला या बंदरांत उतरायचं आणि पुढे चांदपूर, नारायणगंज अशा नदीबंदरांतून आत जायचं. ही बंदरं सुद्धा नदीतच, चितगाव कर्णफुलीवर, मोंगला पोशुरवर. म्हणजे जहाजापर्यंत पोचायचं तर रात्री नदीत उतरून, प्रवाहाबरोबर, नाक तेवढं पाण्याबाहेर ठेवून जाणारा माणूस हवा. तो वाहत्या नदीतच तयार होणार, आणि कोणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी. कलकत्त्यापासून साधारण दीडशे किलोमीटर वर, नदिया जिल्ह्यातली ही जागा त्यासाठी बरी होती. त्यामुळे "नेव्ही आणि प्लासी" हे ऐकायला विचित्र वाटलं तरी आजोबांच्या बाजूचाच मुद्दा आहे, थाप मारायची असती तर माणसाने विक्रांतचं नाव घेतलं असतं.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारताय खरं-खोटं कसं ठरवू, पण माझ्या मते तुमची अडचण वेगळी आहे. आजोबांच्या बोलण्यात दोन प्रकारच्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक, त्यांनी स्वतः पाहिलेलं केलेलं. दोन, त्यांना नंतर कळलेलं. असल्या कॅम्पवर मुद्दामच कोणाला काही सांगत नसत. शिकवणाऱ्याला माहीत असायचं की पोराला अमुक तास पाण्यात ठेवायचंय, छातीला वजन बांधून पोहवायचंय, हे पोर कुठल्या बंदरात जाणार आणि कधी जाणार ते त्याला कशाला सांगतील? आणि काम झाल्यावर सुद्धा सगळं चित्र पुढे ठेवून कोणी सांगितलं नाही, त्यांनी ते तुकड्यातुकड्याने रेडिओवर ऐकलं, नंतर कोणीतरी दोस्ताने सांगितलं, मग पेपरात वाचलं, आणि अलीकडे नातवाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. पन्नास वर्षांत हे सगळं एकाच गोष्टीत विरघळून जातं आणि सांगताना माणूस "आम्ही" म्हणूनच सांगतो. यात खोटेपणा काही नाही. मी ज्यांच्याशी बोललोय त्यांच्यात जवळपास सगळ्यांचं असंच आहे, कॅम्पवरचं रोजचं जगणं पक्कं आठवतं आणि ऑपरेशनचे आकडे डळमळीत. जहाजं किती बुडाली हे आजोबांना विचारण्यात अर्थच नाही, ते तिथे नव्हते.

तारखेचंच बघा. या पोरांनी बंदरांतली जहाजं उडवली ती मोहीम म्हणजे ऑपरेशन जॅकपॉट. तिचे स्फोट झाले ते १५ आणि १६ ऑगस्टच्या मधल्या रात्री, चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज अशा चार ठिकाणी. चितगाव आणि मोंगल्याला साठ-साठ पोरं पाठवली होती, बाकी दोन ठिकाणी वीस-वीस. चितगावची तर सगळी वेळेवर पोचलीही नाहीत, निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरली, तरी अल अब्बास आणि हॉर्मुझ ही मोठी जहाजं गेली. आता ही पोरं प्लासीहून निघाली ऑगस्टच्या सुरुवातीला. त्यांना इशारा द्यायचा होता तो आकाशवाणी कलकत्त्यावरून दोन ठरलेली गाणी वाजवून, पहिलं वाजलं की तयार राहा, दुसरं वाजलं की चोवीस तासांत काम. पहिलं पंकज मलिकांचं होतं. दुसरं बाहुली पहिल्यांदा सासरी निघाल्याचं, लहान मुलांचं वाटावं असं. ही गाणी वाजली १३-१४ च्या सुमाराला. मग आजोबांकडे १४ कुठून आली आणि १५ कुठून आली? कदाचित १४ म्हणजे गाणं, १५ म्हणजे स्फोट. कदाचित १४ ला पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन आणि १५ ला आपला, म्हणून डोक्यात दोन्ही. तुम्ही फक्त एवढंच विचारायचं, "आजोबा, हे तुम्हाला कळलं कसं? कोणी सांगितलं? तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?" हा एक प्रश्न सारखा सारखा विचारा, प्रेमाने. त्याने दोन्ही प्रकारच्या गोष्टी आपोआप वेगळ्या होतात आणि आजोबांना आपण तपासले जातोय असंही वाटत नाही.

तारखा पक्क्या करायच्या असतील तर कॅलेंडरपेक्षा पंचांग धरा. या पिढीला, त्यातही कोकणातल्या माणसाला, तारीख आठवत नाही पण सण आणि चंद्र आठवतो. १९७१ ला नारळीपौर्णिमा ६ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री, घड्याळाप्रमाणे ७ तारखेला मध्यरात्रीनंतर, खग्रास चंद्रग्रहण होतं, चांगलं दीड तासाच्या वर चाललेलं. पावसाळा होता, ढगांमुळे दिसलं असेल नसेल, पण ग्रहण आहे ही चर्चा तर झालीच असणार. तर विचारा, नारळीपौर्णिमेला कॅम्पवर काय केलं? पोरं तोवर गेली होती का? आणि ऑपरेशनची रात्र म्हणजे गोकुळाष्टमी होऊन दोनेक दिवस झालेले, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा. आजोबा जर म्हणाले "पोरं गेली त्या रात्री टिपूर चांदणं होतं" तर ती रात्र जुलैची असेल नाहीतर पौर्णिमेच्या जवळपासची, १५ ऑगस्टची नाही. म्हणजे ते पोरांना ट्रकमध्ये बसवून पाठवलं ती रात्र सांगतायत. खोटं नाही बोलत, वेगळी रात्र सांगतायत.

आता काय विचारायचं. पाण्यापासून सुरू करा. का ते सांगतो. ७१ मध्ये पूर्वेकडे नेव्हीची माणसं नदीवर एकाच ठिकाणी नव्हती. प्लासीचा कॅम्प झाला शिकवण्याचा. नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पद्मा आणि पलाश या दोन गनबोटी होत्या, मूळच्या कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या बोटी, त्यांच्यावर चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या होत्या, त्या आधी हुगळीवर आणि शेवटी इच्छामतीच्या काठी हसनाबादला, तिथून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोंगला-खुलन्याकडे निघाल्या. बऱ्याच जणांची एकाहून जास्त ठिकाणी बदली झाली आणि आज ती सगळी ठिकाणं "नदीवरचा कॅम्प" म्हणून एकच झालीत. नावं विसरली जातात, पाणी नाही विसरत. प्लासीला भरती-ओहोटी पोचत नाही, नदी एकाच दिशेने वाहते, पाणी गोडं. हसनाबादला दिवसातून दोनदा पाणी उलटं फिरतं आणि ओहोटीला काठावर गुडघाभर चिखल. मालवणच्या माणसाला भरती-ओहोटी नसलेलं पाणी लगेच खटकलं असणार, तिथून सुरू केलंत तर ते स्वतःच बोलायला लागतील.

आणखी एक. गंगेवरच्या फराक्का धरणाचं पाणी भागीरथीत १९७५ ला सुरू झालं. त्याआधी उन्हाळ्यात भागीरथी अगदी बारीक व्हायची आणि पावसात एकदम दुथडी. म्हणजे मे महिन्यात आलेल्या माणसाने वाळूचे पट्टे पाहिले असणार आणि जुलैत त्याच जागी वेडा प्रवाह. "आलात तेव्हा नदी कशी होती, नंतर कशी झाली" या एका प्रश्नावरून ते कुठल्या महिन्यात तिथे पोचले हे बऱ्यापैकी कळतं. आज प्लासीला जाऊन आलेल्याला किंवा व्हिडिओ पाहिलेल्याला हे सुचणार नाही कारण आजची नदी तशी नाहीये.

मग शरीराकडे या. दिवस किती वाजता सुरू व्हायचा, काय खायचात, झोपायचं कुठे, साप निघायचे का, पायाला चिखल्या झाल्या का, कानात पाणी गेल्यावर काय करायचात. खाण्याचं मुद्दाम विचारा. पोरं सगळी बंगाली, भात-मासे खाणारी, बहुतेक कॉलेजातली, त्यातली बरीचशी नोआखाली, चितगाव, कोमिल्ला, चांदपूर, खुलना भागातली. तासन्‌तास पाण्यात राहायचं म्हणून त्यांना अंडी, दूध, लिंबू, फळं असा जादा शिधा होता. शिकवणाऱ्यांनाही तोच मिळायचा की वेगळा? भाषा कुठली बोलायचात? मोडकी हिंदी बोलणारा मालवणी माणूस आणि नोआखालीची पोरं यांचं कसं जमलं, हे मला स्वतःला ऐकायला आवडेल.

हाताने करायच्या गोष्टी विचारल्या की तोंडाने न येणारं बाहेर येतं. सरावाला पोरांच्या अंगावर विटा बांधायचे, नंतर खरी लिंपेट माइन, म्हणजे जहाजाच्या बुडाला लोहचुंबकाने चिकटवायचा सुरुंग, ती गमछ्याने छातीशी बांधलेली. मी एका निवृत्त खलाशाला विचारलं की गमछा बांधायचा कसा, तर ते सांगता सांगता अडले, म्हणाले थांबा, आत गेले, टॉवेल आणि डिक्शनरीचा जाडा खंड घेऊन आले आणि माझ्याच छातीवर बांधून दाखवलं. गाठ मधोमध नाही, डाव्या बाजूला, टोक लोंबतं ठेवलेलं, कारण उजव्या हातात सुरी असायची, तिने आधी जहाजाच्या बुडाचं शेवाळ-शिंपले खरवडायचे म्हणजे लोहचुंबक पत्र्याला नीट चिकटतो, आणि तेवढ्यात डाव्या हाताने टोक ओढलं की माइन सुटून हातात. हे त्यांनी आधीच्या दोन तासांत बोलून अजिबात सांगितलं नव्हतं, टॉवेल हातात आला तेव्हा बाहेर आलं. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या खोलीत टॉवेल, दोरी, कागद-पेन ठेवा. कॅम्पचा नकाशा काढायला सांगा, नदी कुठे, तंबू कुठे, भटारखाना कुठे, संडास कुठे. फोटो मिळतील ही आशा सोडा, सिक्रेट कॅम्पवर कॅमेरा कोण बाळगणार. पेन्सिलीने वेडावाकडा काढलेला नकाशाच तुमचा फोटो.

एक जरा नाजूक गोष्ट. तुम्ही नात आहात. काही गोष्टी आजोबा तुमच्यासमोर बोलणार नाहीत, आणि त्या नेहमी रक्तपाताच्याच असतात असं नाही. माइनला पाण्यात विरघळणारा प्लग असायचा, तो विरघळला की स्फोट. पण तो लवकर विरघळायचा, पोराला पोहत जहाजापर्यंत पोचायला वेळ मिळायला हवा, म्हणून प्लगवर कंडोम चढवायचे आणि ऐनवेळी काढायचे. आता हे नातीला कसं सांगणार! ते "रबराची पिशवी" म्हणून पुढे सरकतील. हसू नका, खोदून विचारू नका, त्यांना कळू द्या की तुम्हाला माहितीये. नाहीतर एक बैठक तुमच्या भावाला नाहीतर त्यांच्या वयाच्या एखाद्या नेव्हीवाल्या मित्राला समोर बसवून करा. मित्र बसला की दोघं एकमेकांना दुरुस्त करतात आणि ते ऐकण्यासारखं असतं, फक्त ही बैठक शेवटी ठेवा, आधी केली तर मित्राच्या आठवणी आजोबांच्या होऊन बसतात.

आणि दुःखाचं. शिकवणाऱ्यांच्या मनात जहाजं कमी असतात, पोरं जास्त. वीस वर्षांच्या आतबाहेरची पोरं, मेलो तरी हरकत नाही अशा कागदावर सही केलेली, त्यांना दोन-अडीच महिने रात्रंदिवस पाण्यात घातलं आणि एक दिवस पाठवून दिलं. पुढे कोण परत आलं, कोण नाही, हे कित्येकांना कधी कळलंच नाही. आजोबा जर नंतर गनबोटींवर गेले असतील तर अजून सांभाळून. १० डिसेंबरला खुलन्यापाशी पद्मा आणि पलाशवर आपल्याच विमानांनी हल्ला केला, ओळखीसाठी पिवळं कापड लावलेलं असूनही. दोन्ही गेल्या. पलाशवरच्या इंजिनरूममधले रुहुल अमीन त्यात मारले गेले, बांगलादेशाने त्यांना नंतर वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च किताब दिला. आपले लीडिंग सीमन चिमन सिंग जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडले, त्यांना महावीर चक्र मिळालं. या विषयाशी आलात आणि आजोबा गप्प झाले तर रेकॉर्डर बंद करून चहा टाका. त्याच दिवशी परत तो विषय काढायचा नाही. काही जण पुढच्या वेळी स्वतःहून बोलतात, काही कधीच नाही, ते माणसावर आहे.

हे बोलणं कायद्याने चालेल का असंही तुम्ही विचारलंय. पन्नास वर्षं होऊन गेली, यातलं बहुतेक छापून आलंय, बांगलादेशातले कमांडो उघड बोलतात, आणि ज्यांच्याकडे या कामाची सूत्रं होती ते कॅप्टन एम. एन. सामंत, महावीर चक्र, आपलेच मराठी, करंज पाणबुडीचे पहिले कमांडिंग ऑफिसर, ते सुद्धा २०१९ मध्ये जाण्याआधी याविषयी सविस्तर बोलून गेले. (गनबोटींबरोबर डिसेंबरात त्यांची जी तिसरी बोट होती तिचं नाव आयएनएस पनवेल, मामांना हे जरूर सांगा.) तरी आजोबा जर म्हणाले की अमुक सांगणार नाही, शपथ घेतलीये, तर विषय संपला. तुमचं रेकॉर्डिंग पूर्ण झालं पाहिजे असा काही नियम नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. खलाशांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं, तिथे अर्ज करता येतो, पण असल्या कामावर पाठवलेला माणूस कागदावर त्याच्या मूळ जहाजावरच दाखवलेला असू शकतो, त्यामुळे "प्लासी" शब्द सापडला नाही म्हणून खट्टू होऊ नका. मेडलमध्ये "पूर्वी स्टार" नावाचं, ७१ च्या पूर्व आघाडीचं पदक असेल तर पूर्व आघाडी नक्की, त्यापुढे काही सिद्ध होत नाही. घरी आलेली जुनी पत्रं असतील तर पत्त्यावर फ्लीट मेल ऑफिस, म्हणजे नेव्हीचं टपाल कार्यालय असेल, गाव नसेल. पण पत्रात काय लिहिलंय ते वाचा, पाऊस, आंबे, ऊस, डास यांचा उल्लेख सेन्सॉर कापत नाही.

बैठकीचा क्रम माझा साधारण असा असतो: पहिल्यांदा फक्त पाणी, खाणं, झोपणं, दुसऱ्यांदा नकाशा आणि हाताची कामं, तिसऱ्यांदा माणसं, आणि तारखा-आकडे सगळ्यात शेवटी, तेही "हे कळलं कसं" एवढंच विचारून. एका वेळी तासाच्या वर नको. दुपारी जेवणानंतर नको, पेंगतात. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद, टीव्ही बंद, आणि मामांना बाहेर पाठवा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्याने एकदा थाप म्हटलंय त्याच्यासमोर माणूस आकडे फुगवतो. व्हिडिओपेक्षा ऑडिओ बरा, कॅमेरा दिसला की भाषण सुरू होतं. इतिहासाची माहिती तुम्ही आधी वाचून ठेवा पण तोंडातून काढू नका. "तिथे गमछा वापरायचे ना?" असं विचारलंत की संपलं, आता गमछा त्यांना आठवणारच. "माइन कशाने बांधायचात?" असं विचारायचं. वर मी जे सगळं लिहिलंय ते तुमच्यासाठी, आजोबांना वाचून दाखवायचं नाहीये.

ऐकताना चुकीचं वाटलं तरी मध्ये दुरुस्त करू नका. नंतर फाईल ऐकत लिहून काढताना समासात खूण करा, पाहिलेलं, ऐकलेलं, कळत नाही, अशा तीनच खुणा पुरतात. मूळ फाईल कापू नका, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि कोणाला ऐकवायची, कुठे टाकायची याची परवानगी आजोबांच्याच आवाजात रेकॉर्डच्या सुरुवातीला घ्या.

पहिली बैठक झाली की ते नदीच्या पाण्याबद्दल काय म्हणाले तेवढं इथे लिहा, उलटं फिरायचं की नाही, काठाला वाळू होती की चिखल. त्यावरून प्लासी, हसनाबाद की दोन्ही याचा अंदाज बांधता येईल आणि पुढचे प्रश्न मी त्याप्रमाणे सुचवेन.